कानातला ज्ञानेश

लासुर्णे यायच्या अलीकडंच अनितानं स्कूटीचा ब्रेक असा दाबला की मागून दोन ट्रॉल्या ओढत आलेल्या उसाच्या ट्रॅक्टरला तिला जेमतेम चुकवून रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेनं जावं लागलं. “ओ बाई, मरायचं हाय का?” ड्रायव्हर ओरडला. त्यातलं अर्धंच तिला ऐकू आलं. तिच्या डाव्या कानात, स्कार्फच्या आत, ज्ञानेश हसत होता. नुसता तोच नाही, त्याला प्रश्न विचारणारी ती पुण्याची मुलगीही हसत होती आणि हसता हसता म्हणत होती, “ओढणी? खरंच ओढणी?” “अगदी खरं,” ज्ञानेश म्हणाला. “मी नवीन नवीन नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. आमच्या शाळेत एक बाई होत्या. संगणक आला, तर त्यांनी त्याला ओढणी पांघरली. नव्या नवरीला पांघरतात ना, तशी. खोलीला कुलूप. पोरांनी हात लावायचा नाही. आणि दसऱ्याला वर हळदकुंकू! म्हणजे बघा, तंत्रज्ञान शाळेत आलं होतं, पण देव होऊन बसलं होतं.” मुलगी पुन्हा हसली. अनितानं एक पाय डांबरावर, एक स्कूटीवर ठेवून तो सगळा हशा शेवटपर्यंत ऐकला. ओढणी पोपटी होती. तिचीच होती.

कानातली इअरफोनची गुंडी तिनं काढली नाही. का काढली नाही, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. ज्ञानेश पुढं बोलतच होता, आणि बोलत होता ते सगळं बरोबर होतं, याचाच तिला जास्त संताप आला. शिक्षकांनो, घाबरू नका. प्रशिक्षणाची वाट बघू नका. येता-जाता एक भाग ऐका आणि त्यातली एकच गोष्ट वर्गात करून पाहा, सगळ्या नको. हे तिनं त्याच्याच तोंडून ऐकलं होतं आणि तसंच केलं होतं. ‘शाळेबाहेरचा तास’ हे त्याच्या पॉडकास्टचं नाव. वर्षापूर्वी ते पहिल्यांदा तिच्या हाती लागलं, तेव्हा ती पार मेटाकुटीला आलेली होती. रोज नवं ॲप, रोज नवी लिंक, आहाराचा फोटो इकडं टाका, हजेरी तिकडं भरा, आणि शाळेतली निकिता, जी वयानं तिच्या भाचीएवढी, ती प्रत्येक वेळी “द्या इकडं बाई, मी करते” म्हणून हातातनं मोबाइल काढून घ्यायची. प्रेमानंच घ्यायची. पण पन्नाशीला टेकलेल्या बाईच्या हातातनं कुणी प्रेमानं वस्तू काढून घेतली तरी हात रिकामाच राहतो. मग बारामतीतनं शेळगावच्या पुढच्या त्या वस्तीवरच्या शाळेपर्यंतचा रोजचा रस्ता तिनं कानाला जोडून दिला. पीठ मळताना ऐकलं, कपडे वाळत घालताना ऐकलं. कवितांचे आवाज भरून त्यांचे क्यूआर कोडचे ठिपक्यांचे चौकोन भिंतीवर कसे चिकटवायचे, यंत्रानं दिलेलं उत्तर पोरांकडूनच कसं तपासून घ्यायचं, हे सगळं कानातनं आत गेलं. पोरांनी आपापल्या आज्यांचे शब्द मोबाइलमध्ये भरून आणले तेव्हा वर्गात जी मजा आली तशी तिला नोकरीच्या पहिल्या वर्षानंतर आली नव्हती. पुढं निकिताच तिला विचारू लागली. आणि हा आवाज तिनं पहिल्या भागाच्या पहिल्या वाक्यालाच ओळखला होता. ज्ञानेश! बावड्याच्या बाजूच्या शाळेत तिच्या हाताखाली शिक्षणसेवक म्हणून आलेला, खडूसुद्धा कसा धरायचा ते तिच्याकडनं शिकलेला. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या, प्रत्येकाला तिनं सांगितलं होतं, ऐका, आपला मुलगा आहे. आपला! तो शब्द आठवला आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं स्कूटी चालू केली. पाठीमागनं आणखी एक ट्रॅक्टर आला, त्याच्या टेपवर मोठ्यानं गाणं चालू होतं, आणि ती त्या गाण्यावरही चिडली.

कालव्याच्या कडेनं जाताना ती खोली तिच्यापुढं आली. तसं तर ती डोळ्यांपुढनं कधी गेलीच नव्हती. शाळेला तेव्हा वीज नव्हती. मीटरचा अर्ज कुठंतरी पडून होता आणि त्याच्या आधी संगणक येऊन पडला होता, खोक्यातला, थर्माकोलसकट. पोरं रोज त्या खोक्याला हात लावून बघायची. ज्ञानेश तेव्हा नुसता उत्साहानं फुटत होता. कॉलेजातनं नुकता आलेला, मिसरूड नीट फुटलेलं नाही, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. त्यानं समाजमंदिरातनं वायर ओढली. मध्ये वायर कमी पडली म्हणून दुसरी जोडली आणि जोडावर काळी पट्टी गुंडाळली. तो जोड खिडकीतनं आत येताना गजांवर घासत होता. अनितानं विचारलं होतं, “ज्ञानेश, हे नीट हाय ना?” आणि तो म्हणाला होता, “बाई, तुम्ही काळजी करू नका हो.” दुपारी संगणक चालू झाला. पडद्यावर निळा उजेड आला तशी आतली पोरं ओरडली. बाहेर राहिलेली खिडकीला लोंबकळायला लागली. सारजा त्यांत पुढं होती. सातवीतली, बारकी, पणजीचं नाव लावलेली, सगळ्यांच्या आधी सगळं बघायची खोड असलेली. तिनं गज धरले. ओरडली नाही. नुसती चिकटून राहिली, आणि तिच्या तोंडावर आधी जे हसू होतं ते तसंच राहिलं. ते हसू अनिताला आजही बघवत नव्हतं. अनितानं धावत जाऊन समाजमंदिरातली पिन उपटली. ज्ञानेश जागचा हललासुद्धा नव्हता.

सारजा वाचली. उजव्या हाताचा तळवा भाजून गेला आणि दोन बोटं आत वळली ती वळलीच. त्याच संध्याकाळी ज्ञानेश अनिताच्या दारात येऊन बसला. रडत होता, नाकातनं शेंबूड येईस्तोवर. “बाई, मला काढून टाकतील. अजून कायम झालो न्हाय. घरी आई एकटी हाय, बाई.” दुसऱ्या दिवशी गावातली माणसं जमली, वरनं साहेब आले, तेव्हा अनिता म्हणाली, “वायर मीच ओढायला सांगितली. ज्ञानेश सरांचा यात काही संबंध नाही.” तिला तेव्हा ते वाक्य फार मोठं वाटलं नव्हतं. पोरगं आहे, चुकलं, सुधारेल, एवढंच. पुढं सारजाच्या आईनं भर बाजारात तिला शिव्या दिल्या त्या तिनं उभ्यानं ऐकून घेतल्या. वर्ष संपायच्या आत तिची बदली पार दुसऱ्या टोकाला झाली, ती तिकडंही गेली. आणि ओढणी? पोरी त्या खोलीत पाऊल टाकीनात. काळा पडदा दिसला तरी लहानगी रडायची. मग तिनं अंगावरची ओढणी काढून त्या यंत्रावर टाकली, दिसू नये म्हणून. हळदकुंकूही तिनं लावलं नव्हतं. ते लावलं होतं सारजाची आजी छबूबाई हिनं. दसऱ्याला म्हातारी ताट घेऊन शाळेत आली, कुलूप उघडायला लावलं आणि ओढणी बाजूला सारून त्या यंत्राच्या कपाळावर कुंकू टेकवत म्हणाली, “आता शांत हो बाबा. माझ्या पोरीला पुन्हा धरू नगंस.” दारात ज्ञानेश उभा होता. त्यानं ते डोळ्यांनी बघितलं होतं, कानांनी ऐकलं होतं. तेव्हा तो हसला नव्हता. मान खाली घातली होती त्यानं.

मग तो विसरला की काय? शाळेच्या फाटकात स्कूटी लावताना हा प्रश्न तिच्या डोक्यात आला आणि दिवसभर गेला नाही. खोटं बोलत असेल तर एक वेळ परवडलं. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते ठाऊक असतं. पण त्याच्या आवाजात चोरी नव्हती. तो मोकळा हसत होता. म्हणजे सारजाचा हात, उपटलेली पिन, शेंबूड, दारातलं रडणं, यातलं काही त्याच्यापाशी उरलेलं नव्हतं, आणि उरली होती ती फक्त ओढणी आणि कुंकू. बाकीचं सगळं अनितानं सांभाळायचं आणि त्यातलं हसण्यापुरतं त्यानं घ्यायचं. फळ्यावर लिहिताना खडू तुटला. तिनं दुसरा घेतला, तोही तुटला. मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि ती वळून इतक्या जोरात ओरडली की पहिल्या बाकावरच्या पोरीच्या हातातली पाटी खाली पडली. या भांडणात त्या पोरांचा काही दोष नव्हता, हे कळूनसुद्धा तिला मऊ होता आलं नाही.

त्याच आठवड्यात केंद्राची शिक्षण परिषद भरली. चहा आला, भजी आली, आणि निकितानं मोबाइल वर धरून सगळ्यांना तो तुकडा ऐकवला. “ऐका ऐका, ज्ञानेश सरांचा नवीन भाग, लई भारी हाय.” ओढणी आली तशी खोली हसली. कुंकू आलं तशी ऋषिराज नावाच्या नव्या शिक्षकाच्या नाकात चहा गेला. “आमच्या हितं पण हाय असलं एक गिऱ्हाईक,” तो म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. निकिता अनिताकडं वळून म्हणाली, “बाई, तुम्ही त्यांच्याबरोबर होता ना? कोण होत्या या?” अनिता हसली. तिचे ओठ आपणहून फाकले आणि घशातनं हसण्याचा आवाज निघाला, इतरांसारखाच, इतरांएवढाच. “असतील कुणीतरी,” ती म्हणाली. भजं तिच्या हातात होतं, ते तिनं खाल्लं. घरी येईपर्यंत तिला त्या भज्याची चव तोंडात येत राहिली आणि पुलावर गाडी थांबवून तिनं थुंकून टाकलं. ज्ञानेशवरचा राग निदान बाहेरच्या माणसावर होता. या हसण्याचा राग कुणावर काढायचा?

घरी अजित सोफ्यावर पाय पसरून बातम्या बघत होता. अजित तिचा नवरा. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर, मुळात शांत माणूस. तिनं त्याला सगळं सांगितलं, उभ्याउभ्यानंच, पर्ससुद्धा खांद्यावरनं न उतरवता. त्यानं आवाज कमी करून ऐकलं आणि विचारलं, “नाव घेतलंय का तुझं?”

“न्हाय.”

“मग? कुणाला कळतंय तू ती?”

“मला कळतंय की!”

“तसं नव्हं,” तो म्हणाला. “तूच तर तवा सगळं अंगावर घेतलंस. आता म्हणतीस त्यानं खरं सांगावं. त्याला खरं सांगायची सोय तूच ठेवली न्हायस.” ते ऐकून तिनं पर्स सोफ्यावर आपटली. त्यातला डबा उघडून उरलेली भाजी सोफ्यावर सांडली आणि दोघंही ती पुसत बसली. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं म्हणूनच त्या वेळी तिला तो नकोसा झाला. झाकलं ते एका घाबरलेल्या पोराला वाचवायला झाकलं होतं. त्या झाकण्याचा त्यानं पुढं विनोद करावा, हे त्या सौद्यात कुठं होतं? आणि सौदा तरी कुठं होता! पुसता पुसता तिला सारजा आठवली, अलीकडची. इंदापूरच्या बाजारात दोनेक वर्षांपूर्वी अचानक समोर आली होती, कडेवर पोर, बावड्यातच दिलेली, नवऱ्याच्या जोडीनं वांगी, मिरच्या घेऊन बाजाराला बसलेली. “बाई, वळखलं का?” म्हणाली आणि पटकन उजवा हात पदराखाली घेतला. डाव्या हातानं तिनं अनिताच्या पिशवीत वांगी भरली. तो पदराखालचा हात! अनितानं फडकं जोरानं पिळलं. हात झाकायची सवय लागलेली बाई एकीकडं, आणि दुसरीकडं हजारो शिक्षकांच्या कानात ते हसणं. झाकलेली गोष्ट एकच, पण तिच्यावर हसायचा हक्क कुणाला?

ज्ञानेश बारामतीत येणार असल्याचा मेसेज केंद्राच्या ग्रुपवर आला तेव्हा ती अंगणात तुळशीला पाणी घालत होती. एका सभागृहात शिक्षकांसमोर प्रत्यक्ष कार्यक्रम, तिथंच रेकॉर्डिंग, बारामती, इंदापूर दोन्ही तालुक्यांतल्या शिक्षकांनी यावं. ती वेळेच्या बरीच आधी गेली. सभागृहात खुर्च्या मांडणं चालू होतं. स्टेजवर दोन माइक, दोन गुबगुबीत खुर्च्या, मागं मोठ्या अक्षरांत ‘शाळेबाहेरचा तास’. ज्ञानेश वायरी तपासत होता. अंगानं भरला होता, दाढी राखली होती, चष्मा आला होता. तिला बघताच स्टेजवरनं उडी मारून खाली आला आणि वाकून पाया पडला. “बाई! तुम्ही! अहो, कळवायचं तरी.” आवाज अगदी कानातला. वर्षभर जो आवाज तिच्या पिठाच्या हातांशी, तिच्या रस्त्याशी बोलत होता तोच आवाज समोरच्या तोंडातनं निघाला. वर्षभर ऐकलेल्या माणसावर एकदम तोंड टाकता येत नाही. त्यानं तिला बाजूला बसवलं, पाणी आणून दिलं. “ऐकता का आमचं?”

“ऐकते. ओढणीचा भाग ऐकला.”

“हां, तो लोकांना फार आवडला!” तो हसला, आणि हसता हसता त्याला समोर कोण बसलं आहे ते उमगलं. “बाई, तो... अहो, तो काही तुमच्यावर नव्हता.”

“मग कुणावर होता?”

“तसं नाही. एक नमुना म्हणून घेतलेलं. सुरुवातीलाच लोकांना हसवलं नाही तर ते बंद करतात, बाई. मग पुढचं चांगलं कोण ऐकणार?”

“ओढणी का टाकली होती, ज्ञानेश?”

तो आठवायचा प्रयत्न करतोय हे तिला त्याच्या कपाळावर दिसलं, आणि ते दिसणं शिवीपेक्षा वाईट होतं. “धूळ बसू नये म्हणून?” तो म्हणाला.

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, खिडकीपासून दसऱ्यापर्यंत. सांगता सांगता त्याचा चेहरा उतरत गेला. चष्मा काढून त्यानं हातात धरला. “पोरीचं नाव सांग,” ती म्हणाली. “माझं राहू दे. तिचं सांग.” त्याला येईना. “सारजा,” अनिता म्हणाली. “हात वळलाय तिचा. बावड्यात असती.” त्याचे डोळे भरून आले. “बाई, मी... मी ते कुठं ठेवलं तेच मला कळत नाही. मी तो भाग आजच काढून टाकतो.” “काढून काय हुतंय?” ती म्हणाली, पण आवाजातली धार थोडी उतरली होती. रडणारा ज्ञानेश तिला ओळखीचा होता. तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली, माणसं आत येऊ लागली, आणि तो तिचा हात दाबून म्हणाला, “बसा बाई. मी आज बोलतो.” ती पुढच्या रांगेत जाऊन बसली. शेजारी निकिता येऊन बसली आणि डोळे मोठे करून म्हणाली, “बाई, तुमच्या पाया पडले म्हणं ते!” अनितानं मान हलवली. तिला वाटलं, बोलू दे. बोलला तर ओझं उतरेल.

तो बोलला. स्वागत झालं, दिवे मंद झाले, आणि त्यानं माइक ओठांजवळ घेऊन एकदम खालच्या पट्टीत सुरुवात केली, जशी तो त्याच्या सगळ्यात गाजलेल्या भागांत करायचा. “आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे, जी मी कधीच कुणाला सांगितली नाही.” त्यानं खिडकी सांगितली, गज सांगितले, वायरचा जोड सांगितला. योग्य तिथं थांबला. योग्य तिथं आवाज कापरा केला, नाही, केला नसेल, झालाही असेल, पण झाला तो अगदी योग्य तिथं. “तिचं नाव होतं सारजा,” तो म्हणाला आणि ते नाव त्यानं असं उच्चारलं की जणू इतकी वर्षं ते त्याच्या उशाला होतं. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. “सारजा आज बावड्यात आहे. तिचा हात अजून वळलेला आहे. आणि त्या दिवशी मला ज्यांनी वाचवलं, त्या माझ्या बाई आज इथं बसल्या आहेत.” टाळ्या सुरू झाल्या. दिव्याचा झोत फिरत फिरत येऊन अनिताच्या तोंडावर थांबला. निकिता रडत होती आणि टाळ्या वाजवत होती. “बाई, उभ्या राहा ना,” कुणीतरी मागनं म्हणालं. ज्ञानेशनं स्टेजवरनं हात जोडले. त्याच्या शेजारच्या टेबलावर रेकॉर्डिंगच्या यंत्राचा तांबडा ठिपका पेटलेला होता.

अर्ध्या तासापूर्वी अनितानं त्याला नाव दिलं होतं. खुर्चीवर बसून, पाणी पीत, विश्वासानं. आणि तेच नाव आता सगळ्यांच्या कानात पडलं होतं, गावासकट, हातासकट. आधी ओढणी नेली, आता सारजा नेली. आधी हसवायला, आता रडवायला. ती उभी राहिली. टाळ्या वाढल्या. ती सत्कारासाठी येते आहे असं वाटून लोकांनी तिला वाट करून दिली. ती स्टेजच्या पायऱ्या चढली, ज्ञानेश दोन्ही हात पसरून पुढं आला, आणि ती त्याच्या हातांपलीकडं टेबलापाशी गेली.

“हे बंद कर,” ती म्हणाली.

“बाई भावुक झाल्यात,” ज्ञानेश माइकमध्ये म्हणाला. लोक मायेनं हसले.

“ज्ञानेश,” ती म्हणाली, वर्गात म्हणायची त्या आवाजात. “बंद.”

त्याचा हात आपोआप गेला. तांबडा ठिपका विझला. टेबलापलीकडं बसलेली पुण्याची ती मुलगी उठून काहीतरी म्हणायला लागली, पण अनितानं तिच्याकडं बघितलं तशी ती पुन्हा बसली. अनितानं माइक घेतला. सुरुवात तिनं पुस्तकी मराठीत केली, “शिक्षक बंधुभगिनींनो,” आणि पुढच्याच वाक्याला पणदऱ्याची, माहेरची बोली तिच्या तोंडात आली आणि तिनं ती आवरली नाही.

“ह्या पोरीचं नाव तुमी हितंच विसरायचं. बावड्याला जाऊन कुणी तिचा हात बघायचा न्हाय. तिला कुणी इचारलंय का, बाई, तुझी गोष्ट सांगू का म्हणून? मी पण इचारलं न्हाय. मीबी तिचं नाव देऊन बसले. पण तुमी टाळ्या कशाच्या वाजीवल्या? मी खोटं बोलले त्याच्या? एका पोराची नोकरी राहावी म्हणून मी पोरीच्या आईला खरं कळू दिलं न्हाय, त्याच्या टाळ्या? आन् मागच्या भागाला हसला हुता तुमीच. मीबी हसले. ह्यांनी हसा म्हटलं की हसायचं, रडा म्हटलं की रडायचं, आन् त्याला आपण शिकलो म्हणायचं!” तिनं माइक दुसऱ्या हातात घेतला. “मी ह्याचं ऐकून लई शिकले. ते खोटं न्हाय. चांगलं सांगतोय तो. पण शाळंत वीज नव्हती आन् संगणक आला, हे त्यानं सांगितलं न्हाय. बाई घाबरट हुती, हे सांगितलं. आपण यंत्राला भितो का? सांगा की. कशाला भितो आपण?”

ज्ञानेशचे जोडलेले हात सुटून खाली आले होते. तिला वाटलं, आता खाली उतरावं आणि थेट घरी जावं. तेवढ्यात मधल्या रांगेतनं एक वयस्कर मास्तर उठले. टोपी काढून हातात घेतली. “मी सावळाराम,” ते म्हणाले. “आमच्या शाळंत टॅब आल्यात. पेटीतच हायत. फुटला तर भरून कोण देणार, म्हणून मुख्याध्यापक उघडू देत न्हाईत. आन् ते मुख्याध्यापक मीच हाय.” कुणी हसलं नाही. मागनं एक बाई म्हणाली, “आमच्या वस्तीवर रेंजच नाही. लिंक भरायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. गेल्या पावसाळ्यात मी घसरले. कुणाला सांगितलं नाही, घरातसुद्धा.” मग आणखी एक उठला, मग दोघं एकदम. ऋषिराजही उठला आणि तसाच उभा राहिला. माइक कुणी मागितला नाही. लांबचं ऐकू येईना म्हणून माणसं खुर्च्या उचलून जवळ घेऊ लागली, आणि खुर्च्यांच्या पायांचा आवाज सगळ्या सभागृहात भरला.

ज्ञानेश तिच्याजवळ सरकला. त्याचे डोळे लाल होते आणि त्या लाल डोळ्यांतसुद्धा तिला ती चमक दिसली. “बाई,” तो हळूच म्हणाला, “हे फार मोलाचं आहे. असं कुणी कधी बोलत नाही. नावं घेत नाही कुणाची, नुसतं चालू करू का?”

तिला वाटलं, याच्या एक थोबाडीत द्यावी. हात उचललाही गेला होता अर्धा. त्या हातानंच तिनं त्याला खुर्ची दाखवली.

“बस,” ती म्हणाली. “आन् ऐक.”

तो बसला. त्याच्या शेजारची खुर्ची मोकळी होती. ती बसली नाही.